सैनिकांचे वेतन आणि सेवासमाप्तीचे लाभ : बदलती व्यवस्था

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला सैन्यसेवेची जुनी परंपरा आहे. सातारा जिल्ह्यातील आपशिंगे किंवा कोल्हापूर जिल्ह्यातील सैनिक टाकळी यांसारख्या गावांची ओळखच मुळी सैनिकांची गावे अशी आहे. अशा गावांतील कुटुंबांच्या अर्थव्यवहारात सैनिकाचा पगार आणि निवृत्तीनंतर दरमहा मिळणारे निवृत्तिवेतन यांना मोठे स्थान राहिले आहे. कोरडवाहू जमिनीच्या तुकड्यावर ज्यांचा संसार उभा आहे, त्यांच्या दृष्टीने निवृत्तिवेतन म्हणजे पावसाच्या लहरीवर अवलंबून नसलेले एकमेव उत्पन्न होय.

गेल्या पन्नास वर्षांत या वेतनात आणि सेवासमाप्तीच्या लाभांत अनेक बदल झाले. वेतन आयोगांच्या शिफारशींमुळे पगार वाढले, निवृत्तिवेतनाचे सूत्र अधिक उदार झाले आणि समान हुद्द्याच्या माजी सैनिकांना समान निवृत्तिवेतन मिळावे, हे तत्त्वही मान्य झाले. मात्र २०२२ साली झालेला बदल या सर्वांहून निराळ्या जातीचा आहे. पूर्वीचे बदल निवृत्तिवेतन किती असावे यासंबंधीचे होते. अग्निपथ योजनेने चार वर्षांची सेवा करून बाहेर पडणाऱ्या तरुणापुरते निवृत्तिवेतनच बाजूला ठेवून त्याच्या जागी एकरकमी सेवानिधी आणला. ‘मुलगा सैन्यात लागला’ या वाक्याचा आर्थिक अर्थ त्यामुळे बदलला आहे. हा बदल गावपातळीवर नीट समजावून देणे आवश्यक आहे. चुकीच्या समजुतीवर काढलेले कर्ज, ठरविलेले लग्न किंवा सोडलेले शिक्षण यांचा भार पुढे कुटुंबालाच सोसावा लागतो.

सैनिकी सेवेचे वेगळेपण

सैनिकाच्या वेतनाचा विचार नागरी कर्मचाऱ्याच्या वेतनाप्रमाणे करता येत नाही, याची कारणे दोन. पहिले कारण सेवेचे स्वरूप. बर्फाच्छादित सीमा, वाळवंट, कुटुंबापासून दीर्घकाळ दूर राहणे, वारंवार होणाऱ्या बदल्या, कठोर शिस्त आणि जिवाचा धोका या गोष्टी सैनिकी सेवेच्या अंगभूत आहेत. दुसरे कारण निवृत्तीचे वय. केंद्र शासनाचा नागरी कर्मचारी साधारणतः वयाच्या साठाव्या वर्षी निवृत्त होतो. सैन्यदल तरुण राहावे म्हणून नियमित सेवेतील शिपाई मात्र पस्तीस ते चाळीस या वयातच निवृत्त होत आला आहे. अधिकाऱ्यांच्या बाबतीतही कर्नल ५४ व्या, ब्रिगेडियर ५६ व्या आणि मेजर जनरल ५८ व्या वर्षी सेवेतून बाहेर पडतात.

ज्या वयात मुले शाळेत असतात, आईवडील वृद्ध होत असतात आणि घर बांधायचे राहिलेले असते, त्याच वयात शिपायाची नोकरी संपते. नागरी सेवेत राहिला असता तर आणखी वीसएक वर्षे त्याला पूर्ण पगार मिळाला असता. त्यामुळे सैनिकाचे निवृत्तिवेतन वार्धक्याची तरतूद तर असतेच, शिवाय ऐन कर्त्या वयात थांबलेल्या पगाराची अंशतः भरपाईही असते. सैनिकी लाभांविषयीच्या जवळजवळ प्रत्येक वादाचे मूळ या लवकर होणाऱ्या निवृत्तीत सापडते.

वेतन आयोगांची वाटचाल

सैन्यदलांच्या वेतनाचा विचार पूर्वी स्वतंत्र समित्यांमार्फत होत असे. १९७३ साली अहवाल सादर करणाऱ्या तिसऱ्या केंद्रीय वेतन आयोगाने प्रथमच नागरी कर्मचाऱ्यांबरोबर सैन्यदलांचाही विचार केला. तेव्हापासून सैनिकाची वेतनश्रेणी ठरविताना नागरी सेवेतील समकक्ष पदाशी तुलना करण्याची पद्धत रूढ झाली. या तुलनेमुळे व्यवस्थेत एकसूत्रता आली. पण सैनिकी सेवेच्या खडतरपणाचे मोल कोणत्या मापाने करावे, हा प्रश्नही तिच्यासोबतच आला.

चौथ्या वेतन आयोगाच्या शिफारशी १ जानेवारी १९८६ पासून लागू झाल्या. त्या वेळी कॅप्टन ते ब्रिगेडियर या हुद्द्यांच्या अधिकाऱ्यांसाठी ‘हुद्दा वेतन’ सुरू करण्यात आले. त्याच्या आकारणीविषयीचा वाद पुढे न्यायालयात गेला आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने मिटला. पाचव्या आयोगाच्या शिफारशी १ जानेवारी १९९६ पासून अमलात आल्या.

सैनिकी सेवेच्या वेगळेपणाला वेतनात स्वतंत्र स्थान मिळाले ते सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी. मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेले न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण हे या आयोगाचे अध्यक्ष होते. या आयोगापासून ‘लष्करी सेवा वेतन’ हा नवा घटक अस्तित्वात आला. ब्रिगेडियरपर्यंतच्या अधिकाऱ्यांसाठी तो दरमहा ६,००० रुपये, तर जवान व कनिष्ठ अधिकाऱ्यांसाठी २,००० रुपये होता. १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या सातव्या आयोगाच्या शिफारशींनुसार हे आकडे अनुक्रमे १५,५०० रुपये व ५,२०० रुपये झाले. निवृत्तिवेतन ठरविताना ही रक्कम मूळ वेतनाबरोबर धरली जाते. म्हणून तिला साध्या भत्त्याहून अधिक महत्त्व आहे.

केंद्र शासनाच्या सेवेतील किमान वेतन सहाव्या आयोगात ७,००० रुपये होते; सातव्यात ते १८,००० रुपये झाले. शिपायाचे सुरुवातीचे मूळ वेतन सातव्या आयोगात २१,७०० रुपये ठरले. त्यात लष्करी सेवा वेतनाचे ५,२०० रुपये मिळविले की २६,९०० रुपये होतात. महागाई भत्ता आणि नेमणुकीच्या ठिकाणानुसार मिळणारे अन्य भत्ते त्याहून वेगळे. आठवा वेतन आयोग २०२५ साली नेमण्यात आला असून त्याच्या अध्यक्षपदी मुंबई उच्च न्यायालयात व नंतर सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेल्या न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांची नियुक्ती झाली. सैन्यदलांचे वेतन हाही त्या आयोगाच्या कार्यकक्षेतील विषय आहे.

निवृत्तिवेतन, उपदान आणि अंशराशीकरण

निवृत्तिवेतन ही शासनाने मर्जीने दिलेली देणगी नसून केलेल्या सेवेमुळे प्राप्त झालेला हक्क आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा प्रकरणात स्पष्ट केले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड हे त्या पीठाचे प्रमुख होते. निकालाचा तो दिवस देशभर निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळला जातो.

नियमित सेवेतील जवानास निवृत्तिवेतन मिळण्यासाठी किमान १५ वर्षांची अर्हताकारी सेवा आवश्यक असते. अधिकाऱ्यांसाठी ही मर्यादा २० वर्षांची आहे. पूर्वी पूर्ण निवृत्तिवेतनाची सांगड ३३ वर्षांच्या सेवेशी घातलेली होती. पंधरा-सतरा वर्षांत निवृत्त होणाऱ्या शिपायाला तितकी सेवा पूर्ण करणे अशक्यच असल्याने त्याच्या सेवेत काही वर्षे अधिक धरून हिशेब केला जाई. सहाव्या आयोगानंतर ही सांगड तोडण्यात आली आणि किमान सेवा पूर्ण करणाऱ्यास अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळू लागले. जवानांच्या दृष्टीने हा बदल अत्यंत हितावह ठरला.

उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. समजा, १७ वर्षांची सेवा करून निवृत्त होणाऱ्या जवानाचे मूळ वेतन व लष्करी सेवा वेतन मिळून ४०,००० रुपये होतात. त्याचे मूळ निवृत्तिवेतन २०,००० रुपये होईल आणि त्यावर वेळोवेळी जाहीर होणारी महागाई वाढ मिळत राहील. याखेरीज त्याला निवृत्ती उपदान मिळते. प्रत्येक पूर्ण सहामाहीस पाव महिन्याचे वेतन, असा त्याचा हिशेब असल्याने १७ वर्षांच्या म्हणजे ३४ सहामाहींच्या सेवेबद्दल साडेआठ महिन्यांच्या वेतनाइतकी रक्कम हाती येते. उपदानाची कमाल मर्यादा १ जानेवारी २०२४ पासून २० लाखांवरून २५ लाख रुपये करण्यात आली. शिल्लक अर्जित रजेचे रोखीकरणही ठरावीक मर्यादेपर्यंत होते.

घरबांधणी किंवा मुलीच्या लग्नासाठी मोठी रक्कम हवी असल्यास निवृत्तिवेतनाच्या एका भागाचे अंशराशीकरण करता येते. सैनिकांना निम्म्यापर्यंतचे निवृत्तिवेतन असे विकता येते. वरील उदाहरणातील जवानाने निम्म्याचे अंशराशीकरण केले तर त्याला एकरकमी पैसे मिळतील, परंतु पुढील १५ वर्षे मूळ निवृत्तिवेतनापैकी १०,००० रुपयेच हाती येतील. महागाई वाढ मात्र पूर्ण २०,००० रुपयांवरच मिळत राहते आणि १५ वर्षांनंतर विकलेला भाग पूर्ववत सुरू होतो. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे ‘पेन्शन अर्धी झाली’ असा गैरसमज अनेक घरांत होतो, तर काही ठिकाणी १५ वर्षे उलटल्यावर पूर्ण रक्कम सुरू झाली की नाही, याची चौकशीच केली जात नाही.

आणखी एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. १ जानेवारी २००४ पासून केंद्र शासनाच्या नव्या नागरी कर्मचाऱ्यांसाठी अंशदानावर आधारलेली राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना लागू झाली. सैन्यदलांना मात्र तिच्यातून वगळण्यात आले. लवकर होणारी निवृत्ती लक्षात घेता सैनिकाला निश्चित निवृत्तिवेतनच हवे, ही भूमिका त्या निर्णयातून दिसून येते.

समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन

प्रत्येक वेतन आयोगानंतर नव्याने निवृत्त होणाऱ्यांचे निवृत्तिवेतन वाढे. आधी निवृत्त झालेले मात्र मागे राहत. दोन हवालदारांनी सारखीच वर्षे सेवा केली, पण एक १९९५ साली आणि दुसरा २००६ नंतर निवृत्त झाला, तर दोघांच्या निवृत्तिवेतनात मोठी तफावत पडे. चाळिशीतच निवृत्त होणाऱ्या सैनिकाच्या आयुष्यात असे तीन-चार वेतन आयोग येऊन जातात. साहजिकच या तफावतीची झळ त्याला इतरांपेक्षा अधिक बसे.

ही विषमता दूर करावी, अशी मागणी माजी सैनिकांच्या संघटना अनेक वर्षे करीत होत्या. राज्यसभेच्या याचिका समितीने डिसेंबर २०११ मध्ये या मागणीला अनुकूल असा अहवाल दिला. समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी हे पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. केंद्र शासनाने सप्टेंबर २०१५ मध्ये ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ योजना जाहीर केली आणि त्याच वर्षीच्या ७ नोव्हेंबरच्या आदेशान्वये ती १ जुलै २०१४ पासून लागू करण्यात आली. २०१३ साली निवृत्त झालेल्या त्या त्या हुद्द्याच्या व तितक्याच सेवेच्या सैनिकांना मिळणाऱ्या किमान व कमाल निवृत्तिवेतनाची सरासरी हा तिचा आधार ठरला. दर पाच वर्षांनी फेरनिश्चिती करण्याची तरतूदही तिच्यात आहे. आदेशानंतर स्वतःच्या विनंतीवरून मुदतपूर्व निवृत्ती घेणाऱ्यांना मात्र या योजनेच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले.

पाच वर्षांचे अंतर फार आहे, फेरनिश्चिती दरवर्षी व्हावी, असे माजी सैनिकांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १६ मार्च २०२२ रोजी योजनेची रचना वैध ठरविली आणि १ जुलै २०१९ पासूनची प्रलंबित फेरनिश्चिती करण्याचा आदेश दिला. त्यानुसार डिसेंबर २०२२ मध्ये मान्य झालेल्या फेरनिश्चितीचा लाभ २५ लाखांहून अधिक निवृत्तिवेतनधारकांना व कुटुंब निवृत्तिवेतनधारकांना मिळाला. त्यापुढील फेरनिश्चितीचा दिनांक १ जुलै २०२४ हा होता.

अग्निपथ योजना आणि सेवानिधी

अग्निपथ योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली. तिन्ही सैन्यदलांतील अधिकारीस्तराखालची भरती या योजनेखाली होऊ लागली. साडेसतरा ते एकवीस वर्षे वयाच्या उमेदवारांची चार वर्षांसाठी निवड होते आणि त्यांना अग्निवीर म्हटले जाते. चार वर्षांच्या अखेरीस प्रत्येक तुकडीतील २५ टक्क्यांपर्यंत अग्निवीरांना नियमित सेवेत घेतले जाते व त्यांना पुढे किमान १५ वर्षे सेवा करावी लागते. उर्वरित अग्निवीर सेवेतून मुक्त होतात. सैन्यदलांचे सरासरी वय चार ते पाच वर्षांनी कमी व्हावे, हा योजनेचा एक जाहीर हेतू आहे.

संरक्षण खर्चातील निवृत्तिवेतनाचा वाटा हाही या संदर्भात चर्चेचा विषय ठरतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयासाठी केलेल्या सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांच्या तरतुदीपैकी सुमारे १ लाख ६१ हजार कोटी रुपये निवृत्तिवेतनासाठी होते. हे प्रमाण जवळजवळ एक चतुर्थांश भरते. नव्या शस्त्रसामग्रीला निधी हवा, असे एका बाजूने म्हटले जाते. ज्यांनी उमेदीची वर्षे दिली त्यांची तरतूद हाही संरक्षणाचाच खर्च आहे, असे दुसऱ्या बाजूने सांगितले जाते.

योजना जाहीर करताना निश्चित केलेले अग्निवीराचे मासिक वेतन पहिल्या वर्षी ३०,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ३३,००० रुपये, तिसऱ्या वर्षी ३६,५०० रुपये आणि चौथ्या वर्षी ४०,००० रुपये असे आहे. यातून ३० टक्के रक्कम सेवानिधीसाठी कापली जाते. म्हणजे पहिल्या वर्षी ९,००० रुपये वजा जाऊन २१,००० रुपये आणि चौथ्या वर्षी १२,००० रुपये वजा जाऊन २८,००० रुपये हाती येतात. जोखीम व खडतर सेवेबद्दलचे भत्ते नेमणुकीनुसार मिळतात. महागाई भत्ता व लष्करी सेवा वेतन मात्र अग्निवीराला लागू नाही.

चार वर्षांत अग्निवीराच्या वेतनातून सुमारे ५ लाख २ हजार रुपये जमा होतात आणि तितकीच भर केंद्र शासन घालते. ही १० लाख ४ हजार रुपयांची रक्कम व्याजासह अंदाजे ११ लाख ७१ हजार रुपये होईल, असे योजना जाहीर करताना सांगण्यात आले. या रकमेवर आयकर आकारला जात नाही. चार वर्षांनी मुक्त होणाऱ्या अग्निवीराला उपदान नाही व निवृत्तिवेतनही नाही. योजनेच्या अटींनुसार माजी सैनिकाचा दर्जा, माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना आणि कॅन्टीनची सुविधा यांचाही लाभ त्याला मिळत नाही.

दोन बारकावे विशेष ध्यानात ठेवावेत. नियमित सेवेत निवड झालेल्या अग्निवीराला सेवानिधीतील स्वतःची वर्गणी व त्यावरील व्याज एवढेच मिळते, शासनाचा हिस्सा मिळत नाही. कारण पुढे तो नियमित सेवेच्या निवृत्तिवेतनास पात्र होणार असतो. तसेच मुदत पूर्ण होण्यापूर्वी स्वतःच्या विनंतीवरून सेवा सोडणाऱ्यासही शासनाच्या हिश्शावर हक्क सांगता येत नाही.

दरमहा रक्कम आणि एकरकमी रक्कम

अकरा-बारा लाख रुपये ही बावीस-पंचवीस वर्षांच्या ग्रामीण तरुणाच्या दृष्टीने मोठी रक्कम आहे. घरी कोणी पाहिली नसेल एवढी रक्कम एकदम बँकेच्या खात्यात जमा झाली की ती कायमचीच आहे, असा भास होणे स्वाभाविक आहे. त्यासाठी थोडा हिशेब मांडून पाहणे उपयुक्त ठरेल.

११ लाख ७१ हजार रुपये वार्षिक ७ टक्के दराने मुदत ठेवीत गुंतविले, असे गृहीत धरले तर वर्षाला सुमारे ८२ हजार, म्हणजे महिन्याला सुमारे ६,८०० रुपये व्याज येईल. या व्याजात संसार चालणार नाही. शिवाय निवृत्तिवेतनावर महागाई वाढ मिळते. ठेवीवरील व्याजावर ती मिळत नाही. आजचे ६,८०० रुपये दहा वर्षांनी आकड्याने तेवढेच राहिले, तरी त्यांत येणारा किराणा कमी झालेला असेल. निवृत्तिवेतनधारकाच्या मृत्यूनंतर पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. खर्च झालेल्या ठेवीतून काहीच मिळत नाही.

म्हणून सेवानिधीकडे निवृत्तिवेतनाचा पर्याय म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. दुसऱ्या उद्योगाची उभारणी करण्यासाठी मिळालेले ते भांडवल आहे. त्या रकमेतून तंत्रशिक्षण घेतले, दुग्धव्यवसाय किंवा यंत्रदुरुस्तीसारखा उद्योग उभारला, किंवा स्पर्धा परीक्षेच्या तयारीच्या काळात तिचे व्याज वापरले, तर तिचा हेतू सफल होईल. घर, वाहन आणि लग्नसमारंभ यांतच ती संपली, तर पंचविशीतील तरुणाच्या हाती ना नोकरी राहील, ना भांडवल. नोकरीच्या पहिल्या वर्षीच सेवानिधीच्या भरवशावर सावकाराकडून किंवा पतसंस्थेकडून कर्ज काढणे तर अधिकच धोक्याचे आहे.

मृत्यू आणि अपंगत्व यांविषयीच्या तरतुदी

नियमित सेवेतील सैनिकाच्या पश्चात मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे तीन प्रकार आहेत. सेवेशी संबंध नसलेल्या कारणाने मृत्यू झाल्यास सामान्य कुटुंब निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के असते. सेवेमुळे उद्भवलेल्या कारणाने मृत्यू झाल्यास विशेष कुटुंब निवृत्तिवेतन ६० टक्के मिळते. युद्धात किंवा शत्रूच्या अथवा दहशतवाद्यांच्या कारवाईत मृत्यू झाल्यास उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनाइतके असते.

अग्निवीरासाठी यापेक्षा वेगळी व्यवस्था आहे. त्याचा ४८ लाख रुपयांचा विमा उतरविला जातो व त्यासाठी त्याच्या वेतनातून वर्गणी घेतली जात नाही. सेवेमुळे मृत्यू झाल्यास आणखी ४४ लाख रुपयांचे सानुग्रह अनुदान, चार वर्षांपैकी उरलेल्या काळाचे वेतन आणि सेवानिधीतील रक्कम वारसांना मिळते. सेवेमुळे अपंगत्व आल्यास त्याच्या प्रमाणानुसार ४४ लाख, २५ लाख किंवा १५ लाख रुपयांची एकरकमी भरपाई दिली जाते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचिन येथे महाराष्ट्रातील एका अग्निवीराचा कर्तव्यावर असताना मृत्यू झाला, तेव्हा या तरतुदी वृत्तपत्रांतून चर्चेत आल्या आणि सैन्यदलाने त्यांचा तपशील प्रसिद्ध केला. येथेही भेद तोच आहे : मिळणारी रक्कम मोठी असली तरी ती एकदाच मिळते.

ग्रामपंचायती, शाळा आणि शासकीय कार्यालये यांचे कर्तव्य

पहिल्या अग्निवीरांची भरती २०२२ च्या अखेरीस झाली. चार वर्षांचा हिशेब केला असता त्या तुकड्यांची मुदत २०२६ च्या अखेरीपासून पुरी होऊ लागते आणि त्यानंतर दरवर्षी असे तरुण गावाकडे परततात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दले व आसाम रायफल्स यांमध्ये माजी अग्निवीरांसाठी १० टक्के जागा व वयोमर्यादेत सवलत देण्याचा निर्णय केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२२ मध्येच जाहीर केला होता. अशा भरतीच्या जाहिराती वेळेवर गावात पोचविणे, हे ग्रामपंचायतीला सहज करता येण्याजोगे काम आहे.

माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा यांना घरपट्टी व मालमत्ता करात माफी देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये घेतला. पात्र व्यक्तींना तिचा लाभ मिळतो की नाही, हे पंचायत सदस्यांनी पाहावे. मात्र माजी सैनिकांसाठी असलेली प्रत्येक सवलत मुक्त झालेल्या अग्निवीरालाही आपोआप लागू होईल, असे गृहीत धरू नये. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून खात्री करून घ्यावी. पुणे येथील सैनिक कल्याण विभागाच्या अधिपत्याखालील ही जिल्हा कार्यालये माजी सैनिक, त्यांच्या विधवा व अवलंबित यांना मार्गदर्शन करतात.

निवृत्तिवेतनाची प्रकरणे अनेकदा कागदपत्रांतील क्षुल्लक विसंगतीमुळे अडतात. सैनिकाच्या विवाहाची व अपत्यजन्माची नोंद त्याच्या पथकाच्या ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये झालेली असावी लागते. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावरील पत्नीचे नाव, आधारपत्रावरील नाव आणि सैन्याच्या अभिलेखातील नाव यांत फरक असला की विधवेला हेलपाटे घालावे लागतात. जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नोंदी अचूक ठेवणे ही म्हणूनच सैनिकाच्या कुटुंबाची मोठी सेवा आहे. संरक्षण खात्याच्या निवृत्तिवेतनाचे काम आता ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीद्वारे चालते. दरवर्षीचा हयातीचा दाखलाही तिच्यावर नोंदवावा लागतो. वृद्ध निवृत्तिवेतनधारकांना हे काम करून देण्यात गावातील सुशिक्षित तरुणांचा चांगला उपयोग होऊ शकेल.

शिक्षकांचे काम याहून आधी सुरू होते. भरतीची तयारी म्हणून पहाटे रस्त्यावर धावणारी मुले बहुधा दहावी-बारावीत शिकत असतात. त्यांच्या उत्साहाला नाउमेद न करता त्यांना दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. चार वर्षांनंतर नियमित सेवेत राहण्याची संधी चौघांपैकी फार तर एकाला मिळणार आहे. म्हणून उरलेल्या तिघांच्या हाती त्या वेळी शिक्षणाचे व कौशल्याचे साधन असले पाहिजे. दहावी होऊन भरती झालेल्या अग्निवीराला बारावी समकक्ष प्रमाणपत्र मिळविण्याची सोय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत करण्यात आली आहे. तिचा लाभ अवश्य घ्यावा.

सैनिकाचे वेतन वाढावे, त्याला सेवेनंतर प्रतिष्ठेने जगता यावे, याविषयी समाजात दुमत नाही. ते कोणत्या मार्गाने साधावे, याची चर्चा संसदेत, न्यायालयांत आणि वेतन आयोगांपुढे होत आली आहे व पुढेही होत राहील. गावाला मात्र या चर्चेच्या निष्कर्षापर्यंत थांबता येणार नाही. निवृत्तिवेतन घेऊन येणारा चाळिशीचा सुभेदार आणि सेवानिधी घेऊन येणारा बावीस-तेवीस वर्षांचा अग्निवीर हे दोघेही यापुढे एकाच गावात राहणार आहेत. पहिल्याच्या अनुभवाचा उपयोग गावाने आजवर करून घेतला. दुसऱ्याच्या हाती मिळालेले भांडवल त्याच्या आयुष्याच्या उभारणीस कसे लागेल, हे पाहण्याची जबाबदारी आता गावाने स्वीकारावयास हवी.